अद्भुतकथेतील नावांची कुळकथा

आपल्या कहाण्यांतल्या राजाला बहुधा नाव नसते. आटपाट नगर असते, तिथे एक राजा असतो, त्याला दोन राण्या असतात, एक आवडती आणि दुसरी नावडती. झाले. हातात अक्षता घेऊन कहाणी ऐकायला बसलेली बाई, "अहो, हे आटपाट नगर कोणत्या प्रांतात आले?" असे काही विचारीत नाही. तिच्या लेखी नगर खरे, राजा खरा आणि नावडतीचे दुःख तर फारच खरे. नावावाचून त्या कहाणीचे काही एक अडत नाही.

पण हीच अद्भुतकथा हजार पानांचा ग्रंथ होऊन समोर आली, की वाचकाची वृत्ती पालटते. तीत राजघराणी येतात, त्यांच्या पिढ्या येतात, नद्या, घाट, पडके किल्ले येतात. मग लेखकाला बारसे घालीत बसावे लागते, आणि तेही एकदोन नव्हे, शेकडो! इथेच पुष्कळांची दमछाक होते. इंग्रजीत ई. आर. एडिसन म्हणून एक समर्थ लेखक होऊन गेले. त्यांची 'द वर्म ऑरोबोरॉस' ही कादंबरी १९२२ साली निघाली. भाषा भारदस्त, प्रसंग रोमहर्षक. पण देशांची नावे काय, तर डेमनलँड, विचलँड आणि गॉब्लिनलँड! राक्षसांचा देश आणि चेटकिणींचा देश. काही नावे तर लेखकाने आपल्या लहानपणच्या खेळातून तशीच उचलली होती. कथेचा ओघ जोरात चाललेला असतो, आणि मध्येच नावाची ठेच लागते.

एडिसन यांचे लेखन ज्यांना आवडले, पण ही नावे मात्र मुळीच रुचली नाहीत, अशा एका वाचकाविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. तो वाचक म्हणजे ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्कीन. 'द हॉबिट' हे त्यांचे पुस्तक १९३७ साली आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा तीन खंडांचा ग्रंथ १९५४-५५ साली प्रसिद्ध झाला. हे ग्रंथ तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचले असतील. न वाचणाऱ्यांनी निदान त्यांवरचे चित्रपट पाहिले असतील. पण त्या ग्रंथांतली नावे कुठून आली, ही कथा मूळ कथेइतकीच मनोरंजक आहे.

टोल्कीन यांचा जन्म १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. वडील लवकर गेले, बाराव्या वर्षी आईही गेली. बर्मिंगहॅमला शाळेत असल्यापासून या मुलाला भाषांचे वेड. घराजवळून कोळशाच्या वाघिणी जात, त्यांवर वेल्श गावांची नावे लिहिलेली असत. अर्थ कळत नसे, पण ती अक्षरे त्याच्या मनात जी बसली ती कायमची. पुढे ऑक्सफर्डला कॉलेजच्या ग्रंथालयात फिनिश भाषेचे व्याकरण हाती लागले, आणि एखाद्याला उंची मद्याचे तळघर सापडावे तसा त्याला आनंद झाला. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर, १९१९-२० मध्ये, ते ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या कचेरीत कामाला होते. तिथे त्यांच्या वाट्याला 'डब्ल्यू' अक्षराचे शब्द आले: गांधीलमाशीचा 'वॉस्प', पाण्याचा 'वॉटर', समुद्रातल्या सुळेवाल्या प्राण्याचा 'वॉलरस'. एकेका शब्दाचे खापरपणजोबा शोधीत बसायचे, हे काम! दुसऱ्या कोणाला याचा कंटाळा आला असता. ते मात्र आयुष्यभर तेच करीत राहिले. १९२५ ते १९५९ पर्यंत ते ऑक्सफर्डला प्राध्यापक होते, आणि विषय होता इंग्रजी भाषा व वाङ्मय.

ते नेहमी सांगत, की आपण आधी भाषा रचल्या आणि त्या भाषांना राहायला घर हवे म्हणून कथा रचल्या. लोकांना ही प्राध्यापकी थट्टा वाटे, पण ती अक्षरशः खरी होती. फिनिशच्या वळणावर त्यांनी क्वेन्या नावाची भाषा रचली, वेल्शच्या वळणावर सिंडारिन. त्यांना धातू दिले, प्रत्यय दिले, काळाच्या ओघात बदललेले उच्चार दिले. नाव हे त्या झाडाचे फळ. बाजारातून विकत आणून फांदीला बांधलेले नव्हे.

या साऱ्याचा उगम एका शब्दात आहे. तो शब्द 'एआरेंडेल'.

विद्यार्थी असताना टोल्कीन यांनी 'क्राइस्ट' नावाचे प्राचीन इंग्रजी धार्मिक काव्य वाचले. त्यात एका ठिकाणी एआरेंडेल नावाच्या तेजस्वी दूताला वंदन केले आहे. हा कोण? कवीने खुलासा केलेला नाही. त्याच्या श्रोत्यांना तो ठाऊक असणार. पंडितांनी पहाटेचा तारा असा अर्थ लावला. आइसलँडच्या स्नोरी या तेराव्या शतकातल्या पंडिताने ऑरवँडिल नावाच्या एका पुरुषाची गोष्ट दिली आहे. त्याचे पायाचे बोट थंडीने गोठले, थॉर देवाने ते मोडून आकाशात भिरकावले आणि त्याचा तारा झाला. नाव एकाच कुळीचे. डेन्मार्कच्या सॅक्सो या इतिहासकाराकडे हेच नाव हॉर्वेंडिल होऊन येते, आणि तो तर प्रत्यक्ष हॅम्लेटचा बाप! म्हणजे आपल्या आगरकरांनी 'विकारविलसित' लिहिताना ज्याला चंद्रसेन केले, त्या राजपुत्राच्या घराण्याशी या ताऱ्याचे दूरचे नाते निघते.

तर तीन देशांत तीन रूपांत हे नाव उरले. मूळ कथा मात्र हरपली. धरणाच्या पाण्यात गाव बुडावे आणि देवळाचा कळस तेवढा वर दिसत राहावा, तशी ही गत. टोल्कीन यांना त्या कळसाने झपाटले. १९१४ च्या सप्टेंबरात, युद्ध सुरू होऊन महिना-दीड महिना झाला होता तेव्हा, त्यांनी एआरेंडेलवर एक कविता लिहिली. त्यात तो आपली नौका घेऊन आकाशात निघाला आहे. जेफ्री स्मिथ या मित्राला त्यांनी ती दाखवली. त्याने विचारले, "हे सगळे आहे तरी कशाविषयी?" टोल्कीन म्हणाले, की मलाही ठाऊक नाही, शोधून काढीन. स्मिथ १९१६ च्या डिसेंबरात युद्धात जखमी होऊन वारला. शोध मात्र चालू राहिला, तो जवळजवळ साठ वर्षे. टोल्कीन १९७३ साली वारले. 'द सिल्मरिलियन' १९७७ मध्ये त्यांच्या मुलाने छापले. त्यात कपाळावर तेजस्वी रत्न बांधून आकाशात नौका हाकणारा एआरेंडिल आहे. नावाचा शेवट किंचित बदलला, आणि आता त्याला लेखकाच्या स्वतःच्या भाषेत व्युत्पत्तीही मिळाली. क्वेन्यात 'एआर' म्हणजे समुद्र, 'न्डिल' म्हणजे भक्त. सागराचा भक्त! बुडालेल्या गावावर नवे गाव वसले, आणि कळस जुनाच राहिला.

दुसरा मोठा साठा त्यांना सापडला तो आइसलँडमध्ये. तिथल्या जुन्या काव्यांची एक पोथी आहे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. आकाराने लहान, दिसायला अगदी साधी. १६४३ साली ती एका बिशपच्या हाती आली, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेली, आणि १९७१ मध्ये आइसलँडला सन्मानाने परत आली. तीतल्या पहिल्याच काव्यात सृष्टीची उत्पत्ती सांगता सांगता मध्येच बुटक्यांच्या नावांची एक लांबलचक माळ येते. नुसती नावे! कोण, कुठले, कोणी काय केले, काही नाही. काही पंडितांना तर ती माळ मागाहून घुसडलेली वाटते. वाचणारे ती चटकन ओलांडून पुढे जात.

टोल्कीन थांबले. थोरिन, फिली, किली, डोरी, नोरी, ओरी, बिफूर, बोफूर, बोंबूर, ग्लोइन... 'द हॉबिट'मधल्या तेरा बुटक्यांपैकी जवळजवळ सारे त्या माळेतून, फारतर एखादा स्वर बदलून, उतरले आहेत. बोंबूर म्हणजे फुगलेला. तर कथेत तो इतका लठ्ठ, की त्याला हलवायला माणसे लागतात. 'ओकची ढाल' अशा अर्थाचे एक स्वतंत्र नाव माळेत आहे; ते थोरिनला बिरुद म्हणून मिळाले, आणि मग त्याने लढाईत ओकच्या फांदीची ढाल कशी केली ही हकीकतही जन्माला आली. नाव आधी, पराक्रम नंतर!

याच माळेत एक नाव आहे गँडाल्फ. 'गँड' म्हणजे मंतरलेली काठी, 'आल्फ' म्हणजे एल्फ, एक प्रकारचा यक्ष म्हणा. बुटक्यांच्या पंगतीत हा काठीवाला यक्ष कुठून येऊन बसला? मौज अशी, की 'द हॉबिट'च्या पहिल्या खर्ड्यात गँडाल्फ हे बुटक्यांच्या नायकाचेच नाव होते, आणि जादूगाराचे नाव होते ब्लॅडॉर्थिन. लिहिता लिहिता अदलाबदल झाली. नायक थोरिन झाला, आणि काठीचे नाव काठीवाल्याकडे गेले. आज तो ब्लॅडॉर्थिन राहिला असता तर, असे मनाशी म्हणून पहा. मला तरी वाटते, की अर्धी जादू तिथेच ओसरली असती.

आता 'एंट'. हे चालते-बोलते वृक्ष, अरण्याचे गुराखी. शाळेत असताना टोल्कीन यांनी 'मॅक्बेथ' वाचले. अरण्य चालून येणार म्हणून भविष्य वर्तवले, आणि आले काय, तर फांद्या हातात धरलेले शिपाई! मुलाची घोर निराशा झाली. खरे अरण्य चालून आले पाहिजे, हे तेव्हापासून त्यांच्या मनात होते. पण नाव आले ते वेगळ्याच वाटेने. रोमन लोक ब्रिटन सोडून गेले तेव्हा त्यांचे दगडी वाडे आणि तटबंद्या मागे उरल्या. मागून आलेले लाकडी घरांत राहणारे अँग्लो-सॅक्सन ते पाहून थक्क झाले, आणि म्हणू लागले, हे माणसाचे काम नव्हे, हे 'एंटां'चे काम. एंट म्हणजे राक्षस. आपल्याकडे नाशिकजवळ डोंगरात लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंची, सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे शिलालेख त्यांत आहेत. पण लोकांनी त्यांना नाव दिले पांडवलेणी. कर्ता विसरला, की पांडव मदतीला येतात. तिकडे एंट येत.

एका जुन्या इंग्रजी सुभाषितवजा कवितेत अशा बांधकामांसाठी 'ऑर्थँक' म्हणजे कौशल्य, आणि 'एंट', हे दोन शब्द शेजारी शेजारी आले आहेत. टोल्कीन यांनी सारुमान या कपटी जादूगाराच्या बुरुजाला ऑर्थँक नाव दिले आणि त्यावर एंटांची स्वारी आणली. 'सारु' म्हणजे तरी काय? युक्ती, कारागिरी, कपट. कवितेतले दोन शेजारी असे एकमेकांवर चालून गेले! एंटांचा म्होरक्या आपले खरे नाव सांगत नाही. त्याचे नाव म्हणजे त्याची सबंध हकीकत, रोज वाढत जाणारी. हॉबिट भेटताक्षणी आपली नावे सांगून मोकळे होतात, याचे त्याला नवल वाटते. पतीचे नाव उखाण्यात गुंफून मगच घेणाऱ्या आपल्या आजीला त्याचे म्हणणे लगेच पटले असते.

इथे टोल्कीन यांची एक युक्ती समजून घेतली पाहिजे. 'मूळ ग्रंथ फार जुन्या भाषेत होता, मी तो केवळ इंग्रजीत आणला,' असा बहाणा ते करतात. हॉबिटांची बोली त्यांनी आजच्या इंग्रजीत 'भाषांतरित' केली. रोहान देशाचे घोडेस्वार त्याच बोलीचे जुने रूप बोलतात, म्हणून त्यांची नावे प्राचीन इंग्रजीत दिली. समजा, एखाद्या मराठी लेखकाने आपल्या नायकांना आजची मराठी दिली आणि डोंगरापलीकडच्या स्वारांना लीळाचरित्रातली, तर न सांगता आपल्याला कळेल, की हे आपलेच, पण जुने भाऊबंद. रोहानमध्ये एओमेर आहे, एओविन आहे. 'एओ' म्हणजे घोडा, आणि हा शब्द आपल्या 'अश्व' शब्दाचा सख्खा चुलतभाऊ. एओविन म्हणजे अश्वानंदा! राजा थेओडेन, पण 'थेओडेन' या शब्दाचाच अर्थ लोकांचा धनी, म्हणजे राजा. एका हॉबिटाचे लाडके नाव मेरी, म्हणजे आनंदी. त्याच्या 'मूळ' भाषेतले नाव, परिशिष्टात दिले आहे त्याप्रमाणे, 'काली', आणि त्याचाही अर्थ तिथे आनंदी असाच. मराठी वाचकाला मात्र हे नाव ऐकून भलतीच देवता आठवेल.

सगळीच नावे अशी पोथ्यांतून आलेली नाहीत, बरं का. हॉबिटांच्या घरगुती नावांत टोल्कीन खट्याळपणे वागले आहेत. बॅगिन्स हे आडनाव पिशवीच्या 'बॅग'वरून, आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'बॅगिन' म्हणजे दोन जेवणांच्या मधले खाणे. दिवसातून सहादा जेवणाऱ्या जमातीला याहून साजेसे आडनाव कोणते? त्यांच्या बिऱ्हाडाचे नाव 'बॅग एंड', ते टोल्कीन यांच्या मावशीच्या शेतावरच्या घराचे. आणि सॅम गॅम्जी! बर्मिंगहॅममध्ये जखमेवर ठेवायच्या कापसाच्या घडीला 'गॅम्जी' म्हणत, कारण ती तिथल्या डॉक्टर गॅम्जी यांनी काढली. म्हणून सॅम ज्या मुलीशी लग्न करतो ती कॉटन घराण्यातली. कापूस कापसाला मिळाला.

याच नावाने पुढे गंमत केली. १९५५ आणि १९५६ साली बीबीसीने या ग्रंथाचे नाट्यरूप नभोवाणीवर सादर केले. १९५६ च्या मार्चमध्ये लंडनहून टोल्कीन यांना पत्र आले: तुमच्या गोष्टीतल्या एका पात्राचे नाव सॅम गॅम्जी आहे असे ऐकतो, माझे नाव तेच आहे, तेव्हा ते तुम्हाला कसे सुचले? पत्रलेखकाने ती श्रुतिका स्वतः ऐकली नव्हती, त्याच्याकडे रेडिओच नव्हता. ज्यांनी ऐकली त्यांनी त्याला सांगितले. टोल्कीन यांनी अगत्याने उत्तर लिहिले आणि तिन्ही खंड सही करून पाठवले. गोलम या ओंगळ पात्राच्या नावाच्या एखाद्या गृहस्थाचे पत्र येईल की काय, अशी मात्र त्यांना धास्ती होती!

इतका वेळ आपण मुळे शोधण्याची मौज पाहिली. तिला दुसरी बाजू आहे. यास्काचार्यांच्या 'निरुक्ता'त एक जुना वाद आहे. शाकटायन म्हणे, सर्व नामे धातूंपासून निघाली. गार्ग्य म्हणे, सर्व नाही. तो उदाहरण देई ते या 'अश्व' शब्दाचेच: वाट व्यापतो म्हणून अश्व म्हणायचे, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकालाच अश्व का म्हणू नये? यास्काने कौल दिला शाकटायनाला, पण माझे मन पुष्कळदा गार्ग्याकडे झुकते. टोल्कीन यांचेही अखेरीस तसेच झाले. वाचकांची पत्रे येऊ लागली. सॉरॉन हा दुष्ट अधिपती ग्रीक भाषेतल्या सरड्यावरून ना? मोरिया ही बुटक्यांची खाण बायबलातल्या मोरिया प्रदेशावरून ना? १९६७ साली त्यांनी एका लांबलचक पत्राच्या खर्ड्यात याला उत्तर दिले. सॉरॉनचा सरड्याशी काही संबंध नाही. त्या नावाचा अर्थ, ज्याची किळस यावी असा. मोरियाचा ध्वनी कानात राहिला होता तो एका नॉर्वेजियन परीकथेतल्या किल्ल्याच्या नावावरून, आणि त्या परीकथेतले दुसरे काहीही आपल्या खाणीत आलेले नाही. कथेत मोरियाचा अर्थ काळी गर्ता. ती किल्ल्यावरूनही ठरत नाही आणि बायबलावरूनही.

प्रत्येक नावाला असे दोन इतिहास असतात. एक लेखकाच्या कानात घडलेला, दुसरा कथेतल्या लोकांच्या तोंडी घडलेला. पहिला दुसऱ्यावर लादला, की कथेचे कोडे होते. मॉर्डॉर हे नाव इंग्रजी कानावर पडले, की खुनाचा 'मर्डर' ऐकू येतो. त्याचे जुने रूप 'मॉर्थर', आणि ते आपल्या 'मृ' धातूच्या, 'मृत्यू'च्या कुळातले. ऐकू येतो तो येऊ द्यावा. पण कथेत मॉर्डॉर म्हणजे काळी भूमी, इतकेच. कधी तर योगायोगच घडतो. घसरणे, कोसळणे या अर्थाचा एक धातू टोल्कीन यांनी फार पूर्वी रचला होता. समुद्रात बुडालेल्या बेटाला त्यावरून नियमाने नाव साधले, ते निघाले 'अटलांटे'! प्लेटोच्या अटलांटिसशी जुळलेले पाहून खुद्द लेखकच चकित झाला.

शब्दाच्या मुळावरून माणसाचे मूळ ठरवू लागले म्हणजे काय होते, हेही त्यांना पाहावे लागले. १९३८ साली जर्मनीतल्या पॉट्सडॅमची एक प्रकाशनसंस्था 'द हॉबिट'चे जर्मन भाषांतर काढणार होती. हिटलरचे राज्य होते. प्रकाशकांनी पत्र पाठवून विचारले, आपण 'आर्य' वंशाचे आहात ना? टोल्कीन हे आडनाव मुळात जर्मन; धाडसी, अविचारी अशा अर्थाच्या शब्दावरून आले, असे ते स्वतः मानीत. 'होय' म्हणणे अगदी सोपे होते. पण ज्याने सारी हयात शब्दांची अब्रू राखण्यात घालवली, त्याच्या हाती हा शब्द आला होता. त्यांनी उत्तराचे दोन मसुदे आपल्या प्रकाशकांकडे पाठवले. उपलब्ध मसुद्यात ते म्हणतात, की आर्य या शब्दाचा आपला अर्थ कळत नाही. आपल्या पूर्वजांपैकी कोणी हिंदुस्थानी, फारसी किंवा जिप्सी बोली बोलत असल्याचे आपल्याला ठाऊक नाही. आणि आपले पूर्वज ज्यू होते का, असे विचारायचे असेल, तर त्या गुणी लोकांत आपले कोणी नव्हते याचा खेदच वाटतो. व्युत्पत्तीच्या तासाला घेतलेली अशी फिरकी क्वचितच कोणी इतक्या रागाने घेतली असेल. जर्मन 'हॉबिट' निघाले ते १९५७ साली, त्या राज्याचा मागमूस उरला नव्हता तेव्हा.

भाषांतरकारांशीही त्यांचे खटके उडाले. १९४७ च्या स्वीडिश भाषांतरात हॉबिटचे 'होम्पे' केले होते, ते त्यांना सहन झाले नाही. १९५६ मध्ये डच अनुवादकाने नावे बदलायला घेतली, तेव्हा त्यांनी स्पष्ट हरकत घेतली. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका स्वीडिश अनुवादकाची नावांची यादी आली, आणि प्राध्यापकमहाशय हतबुद्ध झाले. ब्रुइनेन नदीच्या उताराचे भाषांतर होते 'अस्वलाचा उतार'! कारण इंग्रजीत अस्वलाला गोष्टींत 'ब्रुइन' म्हणतात. वास्तविक ब्रुइनेन म्हणजे खळाळते पाणी. लून पर्वत 'चंद्रपर्वत' झाले. चंद्राचा तिथे काही संबंध नव्हता. 'ग्लॅडन' या पाणवनस्पतीच्या नावाची कुरणे 'उजळ मैदाने' झाली. अखेर त्यांनी अनुवादकांसाठी एक मार्गदर्शिकाच लिहिली. ती त्यांच्या पश्चात १९७५ साली छापली गेली. नियम सोपा आहे. ज्या नावांत इंग्रजी वाचकाला अर्थ कळतो, त्यांचा अर्थ आणावा. बाकीची नावे जशीच्या तशी ठेवावी.

हा पेच मराठीला नवा नाही. देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' केले, तेव्हा ऑथेल्लोला स्वभावावरून नाव दिले. पण इयागोचा जाधवराव केला तो बराचसा कानावरून. केळकरांनी शेक्सपिअरची कजाग नायिका मराठीत आणली, तिला सरळ रामायणातली 'त्राटिका' करून टाकले, आणि ते नाव इतके चपखल बसले, की पुढे कोणत्याही तडकफडक बाईला लोक त्राटिका म्हणू लागले. रंगभूमीवर हे शोभते. टोल्कीन यांच्या बाबतीत मात्र हात आखडावा लागतो. त्यांच्या ग्रंथांचे मराठी अनुवाद झाले आहेत, आणि ज्यांनी ते केले त्यांना ही अडचण पावलोपावली आली असणार. हॉबिटांचा मुलूख 'शायर': 'परगणा' म्हणावे तर चालेल, 'मावळ' म्हटले की बाजीप्रभू आलेच! बॅगिन्समध्ये पिशवी राहिली पाहिजे, असे मार्गदर्शिका सांगते. 'थैलीकर' कसे वाटते? बिल्बो चांगला पैसेवाला आहे, तेव्हा अगदीच वाईट नाही. पण गँडाल्फला 'दंडयक्ष' करू नये. तो बुटक्यांच्या माळेतून आला आहे, आणि इंग्रजी वाचकालाही त्याचा अर्थ कळत नाही.

राहता राहिला खुद्द हॉबिट. एका उन्हाळ्यात परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एक कोरे पान हाती आले. त्यावर टोल्कीन यांनी जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या एका हॉबिटाविषयी एक वाक्य लिहिले. का लिहिले, ते त्यांनाच कळले नाही. पुढे त्यांनी 'होल्बिट्ला', म्हणजे बीळ बांधणारा, असा प्राचीन इंग्रजी शब्द जुळवून त्याला पूर्वज मिळवून दिला. १९७० च्या सुमारास ज्या कोशाच्या कचेरीत ते तरुणपणी राबले, तिनेच या शब्दाविषयी त्यांच्याकडे विचारणा केली. १९७६ च्या पुरवणीत 'हॉबिट' हा शब्द त्यांच्या नावावर नोंदला गेला. तो पाहायला ते नव्हते.

पण मायकेल डेनहॅम नावाच्या एका व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडच्या लोकसमजुती गोळा करून ठेवल्या होत्या. लोकसाहित्याच्या संस्थेने १८९५ साली त्यांचा दुसरा भाग छापला, तेव्हा टोल्कीन तीन वर्षांचे होते. त्यात भुताखेतांच्या नावांची अशीच एक लांबलचक माळ आहे, आणि तीत इतर पिशाच्चांच्या मध्ये 'हॉबिट' हे नाव आहे. हे हॉबिट दिसत कसे, राहत कुठे, काय करीत, त्याविषयी तिथे अवाक्षर नाही. नुसते नाव आहे.